शाळेनं हमीपत्र मागितलंय: 'एकही तक्रार आल्यास टीसी घेऊन जाईन'. सही करू का?

मानेवाडेकर
नमस्कार मंडळी.

मुलगा सहावीत आहे. शाळा दक्षिण नागपुरातली, विनाअनुदानित, स्टेट बोर्ड. अल्पसंख्याक दर्जाची नाही. नाव देत नाही, आणि कोणी ओळखली तरी कृपा करून लिहू नका. पोराला त्याच वर्गात बसायचं आहे.

शाळा सुटल्यावर व्हॅनसाठी रांग लागते. तिथे त्यानं वर्गातल्याच एका मुलाला ढकललं. त्याचा टोंगळा फुटला, चष्म्याची काडी मोडली. चूक आमच्या पोराची, त्यावर वाद नाही. त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली, चष्मा करून दिला. त्या मुलाचे आईवडील समजूतदार निघाले, चहा पाजून पाठवलं.

खरं प्रकरण त्यानंतर सुरू झालं. दुसऱ्या दिवसापासून वर्गशिक्षिकेनं याला शेवटच्या बाकाच्या मागे जमिनीवर बसवलं. आठवडाभर. डबाही एकट्यानंच खायचा. डायरीत लाल पेननं आधीचे दोन शेरे होतेच, एक वर्गात बोलतो म्हणून, एक शर्ट बाहेर होता म्हणून. तिसरा हा. आणि तीन शेरे झाले म्हणून ऑफिसातून कागद आला, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर टाईप करून आणा. मजकूर असा:

'माझ्या पाल्याच्या वर्तणुकीबाबत यापुढे एकही तक्रार आल्यास मी कोणतेही कारण न विचारता पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जाईन व त्याबाबत कोणत्याही कार्यालयाकडे दाद मागणार नाही.'

बायको म्हणते सही करून मोकळे व्हा, सत्राच्या मधात दुसरी शाळा कुठे शोधता. मला तो 'कोणतेही कारण न विचारता' घशाखाली उतरत नाही. पोरगं रोज सकाळी पोट दुखतं म्हणतं, रविवारी दिवसभर ठणठणीत असतं. काय करावं?

तर्रीपोहा
राजेहो, जमिनीवर बसवलं म्हणून एवढं? आमच्या वेळी गुरुजी तळहातावर छडी ठेवून देत, अन घरी सांगितलं का बाबा वरून दोन हाणत. आम्ही काय मेलो का? आता पोट्ट्यांना बोलायची सोय नाही, लगेच वकील.

महालकर
@तर्रीपोहा, मेलो नाही, पण गणित सुटलं ते सुटलं. मास्तर ज्या विषयाचे, तो विषय आजही नको वाटतो.

काळा_कोट
सही करू नका. करून बसलात तरी त्या कागदाला कायद्यात फारशी किंमत नाही, पण तुमच्या डोक्यावर तो टांगलेला राहील.

शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९. कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी आणि आठवीत नापास करायला वाव दिला, पण काढून टाकण्यावरची बंदी तशीच ठेवली. तुमची शाळा विनाअनुदानित आहे म्हणून ती यातून सुटत नाही. आणि हा हक्क मुलाचा आहे, बापाच्या सहीनं तो सोडता येत नाही.

आता यातली मेख. 'आम्ही काढलं' असं कोणतीच शाळा कागदावर येऊ देत नाही. 'पालकांनी स्वखुशीनं दाखला नेला' असंच दाखवलं जातं. तुमच्याकडून मागतात तो कागद याच कामाचा आहे. उद्या शिक्षणाधिकाऱ्यांनी विचारलं तर हेच पान पुढे करायचं.

कलम १७: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हीला बंदी. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत बाकावर उभं करणं, गुडघ्यावर बसवणं, पायांखालून कान धरायला लावणं (आपला कोंबडा) हे सगळं शिक्षेतच मोजलं आहे. टोमणे मारणं, दुसऱ्या मुलाशी तुलना करणं, वर्गासमोर लाज आणणं हे मानसिक छळात. आठवडाभर वेगळं, जमिनीवर आणि डबाही एकट्यानं, हे त्यात बसतं असं मी तरी म्हणेन.

अल्पसंख्याक दर्जाची शाळा नाही हे आधीच लिहिलंत ते बरं केलंत. २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर त्या शाळांना हा कायदा लागू होत नाही. २०२५ मध्ये कोर्टानंच त्या निकालाबद्दल शंका घेतली आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे जावं असं सुचवलं. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही.

मात्र हे सगळं डोक्यात ठेवून जा, तोंडावर घेऊन जाऊ नका. बाल न्याय कायद्याचं कलम ७५ (मुलाचा ताबा असलेल्या व्यक्तीनं केलेली क्रूरता, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही) हल्ली पालक पहिल्याच भेटीत काढतात. ते गंभीर मारहाणीसाठी राखून ठेवावं.

लोखंडी_पूल
मी अशाच कागदावर सही केली होती. पोरगा नववीत होता. स्टॅम्पपेपर नव्हता, साध्या कागदावर घेतलं होतं. त्याला समोर बसवून वाचून दाखवलं आणि त्याच्या देखत सही केली. त्या दिवसापासून सुधारला. आज इंजिनिअरिंगला आहे. तुम्ही म्हणा काय म्हणायचं ते. मुलांना हे कळायला पाहिजे की बाप दरवेळी निस्तरायला येणार नाही.

काळा_कोट
नववीला कलम १६ लागत नाही, त्यामुळे तुमचा कागद वेगळा आणि यांचा वेगळा. पण एक सांगा, तुमच्या कागदावर 'दाद मागणार नाही' होतं का?

लोखंडी_पूल
नव्हतं. 'मुलाकडे लक्ष देईन' असं काहीतरी होतं.

खडूफळा
शिक्षिका आहे, अनुदानित शाळेत. गेले दोन तास हा धागा वाचून गप्प बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

कलमं सगळ्यांची पाठ झाली आहेत. एक कलम कोणीच काढत नाही, तेही त्याच कायद्यातलं: सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक. माझ्या वर्गात ६२ आहेत. वरून बीएलओचं (मतदार यादीचं) काम, त्यावरून ऑनलाइन माहिती भरणं, ती साइट दुपारी चालत नाही म्हणून रात्री घरी. जून संपता संपता आपल्याकडे शाळा उघडतात तेव्हा वर्गात उकाडा असा असतो की छोट्या सुट्टीनंतर मुलं बाकाला चिकटलेली असतात आणि एकाला एक लागला तरी ठिणगी पडते. तास पस्तीस मिनिटांचा. डायरीत शेरा लिहायला दहा सेकंद लागतात. मुलाला बाजूला घेऊन 'काय झालं' विचारायला दहा मिनिटं. मग आम्ही काय करणार? शेरा लिहितो. शेरा म्हणजे शिक्षा आहे असं आम्हालाही वाटत नाही, ती आमची पोच आहे, 'मी पाहिलं, मी नोंदवलं'. उद्या काही झालं तर आमच्याकडे दाखवायला काही असावं म्हणून.

जमिनीवर बसवलं ते चूक. मी नाही बसवणार. पण त्या बाईंनी काहीच केलं नसतं तर चष्मा फुटलेल्या मुलाच्या घरून फोन आला असता, की माझ्या मुलाला मारलं आणि तुम्ही त्या दुसऱ्याला त्याच्याच बाजूला बसवलं?

शर्ट बाहेर आणि मुलाला ढकलणं हे दोन्ही शेरे एकाच रांगेत मोजले जातात, हे मात्र मलाही हास्यास्पद वाटतं. आमच्याकडेही तसंच आहे. तीन म्हणजे तीन.

वैनगंगा
मला त्या दुसऱ्या मुलाबद्दल बोलायचं आहे, कारण माझी मुलगी त्या बाजूला होती. गेल्या वर्षी, पाचवीत.

व्हॅनमध्ये दोघी मुली तिचे केस ओढायच्या, डबा पळवायच्या. आम्ही तक्रार केली. शाळेनं त्या मुलींच्या पालकांना बोलावलं, असंच काहीतरी लिहून घेतलं आणि आम्हाला फोन केला, 'मॅडम, ॲक्शन घेतली आहे.' कोणती, ते सांगितलं नाही, गोपनीय म्हणे. व्हॅन तीच, जागा त्याच. फक्त आता त्या मुली हिला 'तुझ्यामुळे आमच्या पप्पांना बोलावलं' म्हणायला लागल्या. महिनाभर मी तिला स्कूटीवर सोडायला गेले.

त्या हमीपत्रानं माझ्या मुलीला काय दिलं? काही नाही. त्या मुलींनाही काही शिकवलं नाही. फाईल बंद झाली ती ऑफिसची. म्हणून @मानेवाडेकर, सही करू नका यावर माझाही +१, पण 'माझ्या पोराला बाकावर बसवा' एवढंच मागू नका. रांगेत परत तसं होऊ नये म्हणून काय करणार, हेही विचारा. ते विचारलंत तर त्या चहा पाजणाऱ्या आईवडिलांची सही तुमच्या अर्जावर मिळेल.

मानेवाडेकर
@वैनगंगा, हे डोक्यात आलंच नव्हतं. त्या मुलाच्या वडिलांना विचारतो.

@खडूफळा, ताई, राग नाही. बाईंबद्दल मनात काही नाही, मुलगा चौथीत असताना त्यांनीच त्याला वाचायला लावलं.

तर्रीपोहा
अवांतर विचारतो. भाचीला राखीच्या दुसऱ्या दिवशी मेंदी लावली म्हणून वर्गाबाहेर उभं केलं अन शंभर रुपये दंड घेतला. हे पण कलमात बसते का जी?

काळा_कोट
तुम्हीच म्हणालात ना लगेच वकील म्हणून! :)

२०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क आयोगानं राज्यांना पत्रच पाठवलं होतं, की सणाच्या वेळी राखी, टिळा, मेंदी यावरून मुलांना शिक्षा करू नका. दंडाची पावती दिली असेल तर जपून ठेवा. दिली नसेल तर ती मागा. बहुतेक वेळा पावती मागितली की दंडच माफ होतो.

प्रशासक
मेंदी, केस, नखं यासाठी वेगळा धागा काढावा. इथे हमीपत्र आणि वर्तणुकीचे नियम. शाळेचं नाव सुचवणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

सावली
समुपदेशक आहे. आठवड्याचे दिवस दोन शाळांत वाटलेले. मी जिथे बसते ती खोली म्हणजे खेळाचं साहित्य ठेवायची जागा, माझ्या खुर्चीमागे लेझीम आणि डंबेल्स. दाराला काच आहे आणि दाराबाहेर पाण्याची टाकी. म्हणजे पाणी प्यायला येणारं प्रत्येक मूल आत कोण बसलंय ते पाहून जातं. एका मुलाला माझ्याकडून परत गेल्यावर वर्गातल्या पोरांनी 'पागलखाना चौक' नाव पाडलं. नागपूरकरांना वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी: मनोरुग्णालयाजवळचा चौक. तो परत आला नाही.

माझ्याकडे मुलं चिठ्ठी घेऊन येतात. चिठ्ठीवर काय असतं? 'उद्धट आहे, समज द्या.' 'सतत मारतो, शेवटची संधी.' म्हणजे मी मुख्याध्यापकांच्या आधीची पायरी. मूल खोलीत येतं तेच माफी मागायच्या तयारीनं. पहिली वीस मिनिटं ती माफी बाजूला काढण्यात जातात.

ढकलाढकलीचं एक सांगते, कारण ते इथे कामाचं आहे. एका शाळेत व्हॅनच्या रांगेवरून सारखी मुलं माझ्याकडे यायची, नावं दरवेळी वेगळी. मग मी आलेल्या प्रत्येक मुलाला कागद दिला आणि म्हटलं, रांग काढ, तू कुठे होतास, बाकी काय काय होतं. चित्रं वेगवेगळी, पण सगळ्यांच्या चित्रात गेटजवळ भिंतीला लागून दप्तरांचा ढीग होता. मुलं दप्तरं तिथे टाकून रांग धरायची, आणि व्हॅनचा हॉर्न वाजला की दप्तर उचलायला सगळे एकदम उलटे वळायचे. पुढचा पुढे ढकलतो, मागचा मागे. रोज तिथेच, रोज त्याच वेळी. पीटीच्या सरांनी दप्तरं ठेवायला व्हरांडा दिला आणि व्हॅनप्रमाणे रांगा वेगळ्या केल्या. माझ्याकडच्या चिठ्ठ्या कमी झाल्या. त्या मुलांमध्ये 'वर्तणुकीची समस्या' नव्हतीच असं मी म्हणत नाही, दोघांत होती. बाकीच्यांत दप्तर होतं.

(दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको हा नियम महाराष्ट्रात २०१५ पासून आहे. २०१६ साली आपल्या शेजारच्या चंद्रपूरच्या सातवीतल्या दोन पोरांनी त्यावर चक्क पत्रकार परिषद घेतली होती. ओझं अजून तेवढंच आहे.)

@मानेवाडेकर, सकाळी पोट दुखणं आणि रविवारी बरं असणं, याला हलक्यात घेऊ नका, पण 'नाटक करतो' असंही म्हणू नका. दुखतं खरंच. एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या. रविवारी संध्याकाळी कसा असतो ते पाहा. सात-आठ वाजले की चिडचिड, जेवण नको, असं असेल तर सोमवारची धास्ती आहे. शाळा बुडवू देऊ नका. दोन दिवस घरी राहिला की तिसऱ्या दिवशी जाणं आणखी जड होतं. शाळेत एक तरी मोठं माणूस ठरवा ज्याच्याकडे तो मधल्या सुट्टीत जाऊ शकेल. ग्रंथालयाच्या बाई, पीटीचे सर, कोणीही. रात्री झोप लागत नसेल, फार घाबरत असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, फुकट, मराठीत बोलतात. मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मानसोपचार ओपीडीतही मुलांना नेता येतं. तिथे गेलं म्हणजे मूल वेडं ठरत नाही, हे नातेवाइकांना सांगायची तयारी ठेवा.

जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विशाखापट्टणमच्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सूचना दिल्या, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. ती विद्यार्थिनी 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करत होती, म्हणून चर्चा कोचिंगचीच झाली. सूचना शाळांनाही आहेत. तुमच्या शाळेत समुपदेशक आहे का, एवढं तरी विचारा.

खडूफळा
@सावली, आमच्याकडे समुपदेशक म्हणून माझंच नाव बोर्डवर आहे. एका दिवसाचं प्रशिक्षण झालं, त्यातलं अर्धं चहा आणि हजेरीत गेलं. दर डिसेंबरला अधिवेशनावर आमचे मोर्चे यशवंत स्टेडियमवरून निघतात, जुन्या पेन्शनचे, टप्पा अनुदानाचे. त्या मागण्या खऱ्या आहेत, मीही चालले आहे. 'शाळेत समुपदेशक द्या' असा फलक मात्र मी एकदाही पाहिला नाही.

घंटा
मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. टेबलाच्या पलीकडून सांगतो.

हमीपत्र का मागतात? मुख्याध्यापकाला तीन फोन आलेले असतात. एक जखमी मुलाच्या घरचा, एक संस्थेच्या सचिवांचा, एक कुण्या नगरसेवकाच्या माणसाचा. तिघांनाही एकच उत्तर हवं असतं: 'काय केलं?' हमीपत्र हे तिघांना एका वाक्यात देता येणारं उत्तर आहे. मीही घेत असे. स्टॅम्पपेपरवर नाही, पण घेत असे. दाखल्याची धमकी घालत नव्हतो, कारण आमच्या वेळचे शिक्षणाधिकारी ते पाहून पहिलं आमचंच स्पष्टीकरण मागत.

आता तुम्ही काय करायचं. सही नाकारायला जाऊ नका. अर्ज घेऊन जा. 'सही करणार नाही' म्हणणारा पालक आडमुठा ठरतो, 'या अर्जाचं उत्तर मिळाल्यावर सही करतो' म्हणणाऱ्याला कोणी काही म्हणू शकत नाही. अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे, दोन प्रती, कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख. लिपिक म्हणेल 'मॅडमला दाखवून सांगतो', तरी पोच घेतल्याशिवाय हलू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेला अर्ज हा अर्ज नसतो.

विशेषणं लिहू नका. 'अमानुष', 'हुकूमशाही' असलं काही नको. पहिल्या अर्जात शिक्षिकेवर कारवाईची मागणी तर मुळीच नको. ती ओळ वाचली की सगळी स्टाफरूम एक होते आणि तुमचा मूळ मुद्दा तिथेच मरतो. मागायचं ते एवढं: वर्तणुकीबाबत शाळेचे लेखी नियम कोणते, कोणत्या गोष्टीला कोणती पायरी, ती पायरी ठरवतं कोण, आणि दोन्ही मुलांच्या पालकांना काय कळवलं जातं. बहुतेक शाळांकडे याचं उत्तर नसतं. नसतं म्हणूनच ते मागायचं.

उत्तर नाही आलं तर पालक-शिक्षक संघ. शुल्क विनियमन कायदा, २०११ प्रमाणे विनाअनुदानित शाळेतही संघ करावाच लागतो. त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून निवडायची असते, दर इयत्तेतून एक पालक, निम्म्या महिला. प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकतात की नावं आधीच ठरतात, ते तुम्हीच पाहा. बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनानं सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची) यांची पुन्हा सक्ती केली. तक्रारपेटी कुठे लावली आहे ते एकदा बघून या. आमच्या शेजारच्या एका शाळेत ती मुख्याध्यापकांच्या केबिनच्या आत होती.

त्याच्या वर शिक्षणाधिकारी, जिल्हा परिषद, सिव्हिल लाइन्स. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार केली तर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, त्यावर अपील राज्य बाल हक्क आयोगाकडे. तिथपर्यंत जायची वेळ क्वचित येते. आवक क्रमांक पडला की बऱ्याच गोष्टी आपोआप जागेवर येतात.

लोखंडी_पूल
एवढं सगळं एका ढकलण्यासाठी? त्या वेळात पोराला बसवून चार शब्द सांगितले असते.

मानेवाडेकर
@लोखंडी_पूल, चार शब्द त्याच संध्याकाळी सांगितले. त्यांच्या दारात माफी त्यानं स्वतः मागितली. हा सगळा खटाटोप त्यानंतर आलेल्या कागदाचा आहे.

मानेवाडेकर
(पंधरवड्यानंतर)

अपडेट. अर्ज दिला. दुसऱ्या मुलाच्या वडिलांनी त्यावर सही केली, वरून म्हणाले आमच्या पोराचं दप्तर पण त्याच ढिगात असते. लिपिकानं अगदी @घंटा सरांनी लिहिलं होतं तेच वाक्य म्हटलं. पोच घेतली.

तीन दिवसांनी मुख्याध्यापिकांनी बोलावलं. वर्गशिक्षिकाही होत्या. सुरुवातीला वातावरण तापलेलं, 'तुम्ही लेखी का दिलं, बोलला असता तर' वगैरे. लेखी नियम मागितले तर म्हणाल्या, डायरीत आहेत. डायरी काढली, तिथेच वाचली. नखं, केस, बुटांचा रंग, उशीर, फी, मोबाईल, वाढदिवसाला चॉकलेट वाटायचं की नाही. एका मुलानं दुसऱ्याला मारलं तर काय, याबद्दल एक ओळ नाही. हे त्यांच्याही लक्षात आलं. थोडा वेळ त्याच पानं उलटत राहिल्या.

निष्पत्ती: पोरगा बाकावर परत. वर्गशिक्षिका म्हणाल्या, दोन दिवस म्हणून बसवला होता, मग परीक्षेच्या गडबडीत उठवायचं राहून गेलं. मला ते खरं वाटलं, आणि त्यानंच जास्त वाईट वाटलं. स्टॅम्पपेपर मागे घेतला. त्याऐवजी साध्या कागदावर चार ओळी, त्यात शाळेकडूनही दोन: रांगेजवळ एक शिक्षक थांबेल, आणि पुन्हा काही झालं तर दोन्ही घरी त्याच दिवशी कळवलं जाईल. त्यावर मी सही केली, मुख्याध्यापिकांनीही केली. 'शेरे तीन झाले की' हा नियम बदलायला तयार नाहीत, तो संस्थेचा आहे म्हणे. समुपदेशक नाही, 'बघतो' म्हणाल्या. संघाच्या सभेत विषय घेऊ म्हणाल्या, सभा कधी ते सांगितलं नाही.

पोटदुखी कमी आहे, गेली नाही. ग्रंथालयाच्या बाईंकडे जातो मधल्या सुट्टीत, पुस्तकांना कव्हर घालतो.

खडूफळा
'उठवायचं राहून गेलं' हे वाचून गलबललं. शंभर टक्के असंच झालं असणार.

वैनगंगा
'दोन्ही घरी त्याच दिवशी' ही ओळ मिळवलीत, तेवढ्यासाठी टाळ्या.

महालकर
माझा मुलगा नववीत आहे. हे सगळं त्याला लागू नाही का मग?

काळा_कोट
शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापर्यंत आणि आठवीपर्यंतच. म्हणून नववीला काढून टाकण्यावरची ती बंदी नाही. पण बाल न्याय कायदा अठरा वर्षांपर्यंत आहे, पोक्सोही (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा). आणि मुलाला, पालकाला बाजू मांडायची संधी न देता थेट दाखला हातात दिला तर नववीतही त्याला आव्हान देता येतं. नववीत दाखला हातात देण्यामागे पुष्कळदा दहावीच्या निकालाची टक्केवारी असते, वर्तणूक हे निमित्त. शेरे आणि गुणपत्रिका शेजारी ठेवून तारखा बघा.

गोधनी_लोकल
सर, @घंटा, त्या अर्जाचा मसुदा इथे टाकाल का? आमच्याकडेही असंच प्रकरण आहे, मुलगी सातवीत.

घंटा
टाकतो. प्रसंग तुमचा घाला, बाकी असंच ठेवा.

प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय: वर्तणुकीबाबत शाळेच्या कार्यपद्धतीची माहिती मिळण्याबाबत.

महोदय/महोदया, माझा पाल्य आपल्या शाळेत इयत्ता ... तुकडी ... मध्ये शिकत आहे. दि. ... रोजी ... येथे झालेल्या प्रसंगानंतर माझ्याकडे हमीपत्र मागण्यात आले आहे. त्यावर विचार करण्यापूर्वी पुढील माहिती लेखी मिळावी, ही विनंती. अशा प्रसंगी शाळेत कोणते लेखी नियम लागू आहेत? माझ्या पाल्याबाबत कोणती पावले, कोणाच्या निर्णयाने व किती दिवसांसाठी घेण्यात आली? संबंधित दुसऱ्या पाल्याच्या सुरक्षिततेसाठी काय करण्यात आले? तो प्रसंग त्या ठिकाणी पुन्हा घडू नये म्हणून शाळा काय करणार आहे? याबाबत दोन्ही पालक आपल्या सोयीच्या वेळी भेटण्यास तयार आहोत.

खाली दोघांच्या सह्या. एकाचीच असली तरी चालेल, पण दोन मिळाल्या तर बघा. 'विनंती' हा शब्द काढू नका, आणि पोच घ्या.